आपलं मोल कुठे टांगलंय? सहा आठवड्यांची वही

लग्नाच्या पंगतीत काका पाठीवर हात ठेवून विचारतात, “काय करून राहिला सध्या?” प्रश्न साधाच असतो. पण उत्तर देताना आवाज खाली जात असेल, घरी आल्यावर तोच प्रश्न रात्रभर डोक्यात फिरत असेल आणि फिरत फिरत मन ‘आपण कुणीच नाही’ इथपर्यंत येत असेल, तर पुढचा अभ्यास तुमच्यासाठी आहे. त्याला सहा आठवडे लागतात, रोज २० मिनिटं. त्यात अवघड काही नाही, पण क्रम महत्त्वाचा आहे. क्रम उलटा झाला की लोक दुसऱ्याच आठवड्यात सोडून देतात.

आधी दोन शब्द वेगळे करून घेऊ. आत्मविश्वास म्हणजे एखादं काम आपल्याला जमेल हा भरवसा. तो कामागणिक बदलतो. नागपुरात वर्धा रोडच्या गर्दीतून सफाईनं स्कूटी काढणारी मुलगी चार लोकांसमोर बोलताना अडखळते, आणि त्यात विचित्र काही नाही. आत्ममूल्य म्हणजे काम जमो न जमो, माणूस म्हणून आपल्याला मान आहे ही आतली धारणा. मिहान उद्योगक्षेत्रातल्या कंपनीत परदेशी ग्राहकांशी बिनधास्त बोलणारा माणूस घरी वडिलांच्या एका वाक्यानं दिवसभर कोमेजतो, तेव्हा त्याचा आत्मविश्वास शाबूत असतो, आत्ममूल्य हललेलं असतं. अशा वेळी व्यक्तिमत्त्व विकासाचा आणखी एक क्लास लावून फार हाती लागत नाही. क्लासनं कौशल्य वाढतं, आणि कौशल्य वाढलं की मन पुढची अट घालतं.

विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १८९० मध्ये याचं गणितच मांडलं होतं: मिळालेलं यश भागिले बाळगलेल्या अपेक्षा. यश वाढवा किंवा अपेक्षा उतरवा, भागाकार वाढतो. अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात विवेकनिष्ठ उपचारपद्धती सुरू केली, तिचा आक्षेप या गणितावरच आहे. कृतीला गुण देता येतात, अख्ख्या माणसाला गुण देण्याची रीतच चुकीची, असं ती म्हणते. आमचा कल एलिस यांच्याकडे आहे आणि खालचा अभ्यास बराचसा त्याच वाटेनं जातो.

वही कधी पुरत नाही

हे शेवटी लिहायची पद्धत आहे, पण शेवटपर्यंत वाचायची ताकद ज्यांच्यात नसते त्यांनाच याची गरज असते. म्हणून आधी. सलग दोन आठवडे जवळपास रोज मन उदास आहे, झोप किंवा भूक बिघडली आहे, कशातच रस वाटत नाही, किंवा जगू नये असं वाटतं, यातलं काही असेल तर वहीपाशी थांबू नका. टेलिमानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा आहे, क्रमांक १४४१६. ती चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. समोरासमोर बोलायचं असेल तर नागपुरातली दोन सरकारी रुग्णालयं, मेडिकल आणि मेयो, दोन्हीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे. मिहानमधल्या एम्समध्येही आहे. केसपेपर काढताना खिडकीवर ‘मानसोपचार’ एवढं सांगितलं की पुरे, काय होतंय ते तिथे सांगावं लागत नाही. प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव काढलं की आजही लोक बिचकतात. ते १८६४ पासून चालू आहे आणि तिथल्या ओपीडीत दाखवायला गेलं म्हणजे भरती व्हावं लागतं, असं मुळीच नाही. तुम्ही डॉक्टरांना सांगितलेलं गोपनीय ठेवण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दिला आहे.

उपचार चालू असतानाही ही वही लिहिता येते. डॉक्टरांना दाखवलीत तर त्यांनाही मदतच होईल.

सामान आणि जागा

२०० पानी वही, एक पेन, चण्याचे २० दाणे. मोबाईलवर लिहू नका. मध्येच मेसेज येतो, आणि ज्या लोकांच्या मतामुळे मन खाली गेलं त्यांचीच नावं पडद्यावर चमकतात.

वेळ शक्यतो सकाळची. रात्री अकरानंतर दमलेल्या मनानं केलेला हिशेब नेहमी तोट्याचाच निघतो. मे महिन्यात नागपुरात सकाळी साडेसातनंतर गच्चीवर बसवत नाही, तेव्हा सहाला उठणं भाग आहे. खरी अडचण जागेची असते. दोन खोल्यांचं घर, पाच माणसं, आणि ‘काय लिहून राहिली?’ असं विचारणारी धाकटी भावंडं. वही कुणाच्या हाती लागेल या भीतीनं माणूस वहीतही खोटं लिहायला लागतो, आणि मग सगळा अभ्यास वाया जातो. वाचनालयाची खोली, मेट्रोचा रोजचा प्रवास, कॉलेजची कॅन्टीन उघडायच्या आधीची वेळ, काहीही चालेल. माणसांची नावं न लिहिता खुणा वापरा. काहीच शक्य नसेल तर सुट्या कागदावर लिहा, त्यातला आकडा किंवा एक ओळ वहीत उतरवा आणि कागद फाडून टाका.

पहिला आठवडा: फक्त नोंद

पहिल्या दिवशी मोजणी. मॉरिस रोझेनबर्ग यांची १९६५ ची आत्मसन्मान मापनी जगभर वापरली जाते. तिच्यात दहा विधानं आहेत. प्रत्येकाला ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ असे चार पर्याय, ० ते ३ गुण, एकूण ३०. यातली पाच विधानं सरळ आहेत आणि पाच उलटी, म्हणजे त्यांच्याशी सहमत असलात तर गुण कमी होतात. नवखे लोक नेमके इथेच चुकतात. उलट्या विधानांचे गुण उलटवायचे विसरतात आणि भलताच आकडा येतो. साधारणपणे १५ च्या खालचा आकडा कमी मानतात. पण तो रोगाचं निदान नाही, वजनकाट्यावरचा सुरुवातीचा आकडा आहे. निकालाच्या किंवा भांडणाच्या दिवशी मोजू नका, एखाद्या साध्या मंगळवारी मोजा. आकडा वहीच्या शेवटच्या पानावर लिहा आणि सहा आठवडे ते पान उघडू नका.

दुसऱ्या दिवसापासून, जेव्हा जेव्हा आपण लहान झालो असं वाटेल तेव्हा चार गोष्टी लिहायच्या: प्रसंग, मनात उमटलेलं वाक्य, शरीरात काय झालं, आणि त्यानंतर तुम्ही काय केलंत. रोज तीन नोंदी धरा, आठवड्याला वीसच्या आसपास होतात.

मनातलं वाक्य जसं उमटलं तसंच लिहायचं, त्याच बोलीत. हा या आठवड्याचा गाभा आहे. मनात येतं, “तुह्याच्यानं काही होत नाही,” आणि वहीत उतरतं, ‘मला न्यूनगंड जाणवला.’ दुसऱ्या वाक्यातून काहीच कळत नाही. पहिल्यात मात्र आवाज ऐकू येतो, आणि चार दिवसांनी लक्षात येतं की हा आवाज आपला नाहीच. तो आठवीतल्या गणिताच्या सरांचा आहे, किंवा “लोकायचे पोरं पाय कुठच्या कुठं गेले” म्हणणाऱ्या एखाद्या नातेवाइकाचा. हिंदीत उमटलं तर हिंदीतच लिहा. ‘औकात’ या शब्दाची जखम ‘पात्रता’ लिहून कागदावर येत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरातली मारबतीची मिरवणूक पाहिली असेल, तर बडग्यांच्या, म्हणजे त्यातल्या पुतळ्यांच्या, गळ्यातल्या पाट्या आठवा. त्यांच्यावर मोघम ‘संकट’ असं लिहिलेलं नसतं. महागाई, भ्रष्टाचार, त्या वर्षी जे छळत असेल त्याचं नाव असतं. “ईडा पीडा घेऊन जा गे मारबत” म्हणायचं तर पिडेला नाव लागतं. नोंदीतही तेच.

या आठवड्यात काही सुधारायचं नाही, कुणाला उत्तर द्यायचं नाही. बऱ्याच जणांना तिसऱ्या-चौथ्या दिवशी जास्त वाईट वाटतं, कारण जे आजवर पार्श्वभूमीला चालू होतं ते आता ऐकू येतं. हे बहुधा आठवडाभरात ओसरतं. ओसरलं नाही, किंवा वाढत गेलं, तर वर दिलेल्या क्रमांकावर बोला.

दुसरा आठवडा: वीस दाणे

जेनिफर क्रॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या काही वर्षांत एक उपयोगी गोष्ट दाखवली. माणसाचं आत्ममूल्य किती आहे यापेक्षा ते कशावर टांगलेलं आहे, हे पाहावं. त्यांनी सात खुंट्या मोजल्या: इतरांची पसंती, दिसणं, स्पर्धेत पुढे असणं, अभ्यासातली कुवत, घरच्यांचा आधार, सचोटी, देवाची माया. नोकरी करणाऱ्यांनी अभ्यासाच्या जागी काम धरावं. आमच्या समाजात आठवी खुंटी वेगळी लिहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही: जात आणि घराणं.

आठ चिठ्ठ्या करा. आधी अंदाजानं वीस दाणे वाटा आणि आकडे लिहून ठेवा. मग दाणे गोळा करून पहिल्या आठवड्याच्या नोंदी उघडा आणि एकेका नोंदीमागे एक दाणा, ज्या खुंटीला धक्का लागला तिच्यावर ठेवा. दोन वाटण्या क्वचितच जुळतात. अंदाजात लोक सचोटीला भरपूर दाणे देतात, आणि नोंदींप्रमाणे ते ‘इतरांची पसंती’ किंवा ‘दिसणं’ इथे जाऊन पडतात. ओशाळू नका. लहानपणापासून रंगावरून ऐकत आलेल्या मुलीचे दाणे ‘दिसणं’वर पडले, तर त्यात तिचा उथळपणा नाही.

एका चिठ्ठीवर आठपेक्षा जास्त दाणे असतील तर सगळा भार एकाच खिळ्यावर आहे. तो खिळा उपटायच्या मागे लागू नका, ते इच्छाशक्तीनं होत नाही. दुसऱ्या खुंट्यांना वेळ द्या. स्पर्धेवर नऊ दाणे असलेल्या एमपीएससीच्या विद्यार्थ्यानं रोज अर्धा तास असं काही करावं ज्यात क्रमांकच लागत नाही: आजीला पेपर वाचून दाखवणं, कुंड्यांना पाणी, गल्लीतल्या पोरांचा गृहपाठ. अभ्यासातला वेळ जातो म्हणून हे टाळलं जातं. पण सगळा भार एकाच निकालावर असला की चाचणीतल्या एका वाईट दिवसानंतर तीन दिवस पुस्तक उघडवत नाही, त्यापुढे हा अर्धा तास काहीच नाही.

आठव्या चिठ्ठीवर दाणे पडले असतील तर थोडं थांबून वाचा. आडनाव विचारून खोली नाकारली गेली, पंगतीत वेगळं ताट मिळालं, ‘कोट्यातून आला असशील’ असं ऐकावं लागलं, तर तिथे दुरुस्त करण्यासारखी तुमची कुठलीही विचारचूक नाही. ती समोरच्याची कृती आहे. नोंदीत पाचवा रकाना आखा, ‘जबाबदारी कुणाची’, आणि त्यात स्पष्ट लिहा. काही प्रसंग वहीचे नसतातच, ते १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे असतात.

आणि हे ज्या शहरात बसून लिहिलं जातंय, तिथे मोजपट्टी बदलण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण घडलेलं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९२७ मध्ये महाडच्या तळ्याचं पाणी आणि १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिराचा दरवाजा मागितला गेला. मागणं न्याय्य होतं, तरी नकार आला. १९३५ मध्ये येवल्याला त्यांनी धर्म सोडण्याची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी इथे, दीक्षाभूमीवर, लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, २२ प्रतिज्ञा दिल्या. जी पट्टी तुम्हाला कधीच पुरेसे गुण देणार नाही, तिच्यावर आणखी दोन गुण मिळवण्याची धडपड थांबवता येते. दीक्षाभूमीला एखाद्या शांत सकाळी अर्धा तास बसून या, जातीचे चटके बसलेले असोत वा नसोत. मग आपल्या चिठ्ठ्यांकडे पाहा आणि स्वतःला विचारा, यातली कोणती पट्टी मी निवडली आणि कोणती माझ्या हातात दिली गेली?

तिसरा आठवडा: वाक्याची फोड

आता दुरुस्ती. पण आरशासमोर उभं राहून ‘मी श्रेष्ठ आहे’ असं म्हणायचं नाही. जोअन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्यांचं आत्ममूल्य कमी होतं त्यांना ‘मी प्रेम करावं अशी व्यक्ती आहे’ या अर्थाचं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून आणखी वाईट वाटलं. कारण समजण्यासारखं आहे. मोठं विधान ऐकलं की मन लगेच उलटतपासणी घेतं आणि विरुद्ध बाजूचे पुरावे काढून समोर ठेवतं.

त्याऐवजी रोज एक नोंद घ्या आणि तिची अशी फोड करा. बुटीबोरीच्या एका कारखान्यातली मुलाखत हुकली, असं धरू.

मनातलं वाक्य: ‘मी कुठल्याच कामाचा नाही.’

घडलं ते: पाच तांत्रिक प्रश्नांपैकी दोन प्रश्नांची उत्तरं आली नाहीत. पुढच्या फेरीचं बोलावणं आलं नाही.

कृतीचे गुण: तयारी १० पैकी ४. वेळेवर पोचणं १०. येत नव्हतं तिथे ‘माहीत नाही’ असं सरळ सांगणं ८.

माणसाचे गुण: इथे आडवी रेघ.

पुढचं पाऊल, अर्ध्या तासाचं: त्या दोन प्रश्नांची उत्तरं शोधून लिहिणं.

गडबड ‘घडलं ते’ या ओळीत होते. तिथे ‘मुलाखत घाण झाली’ असं लिहिलं जातं, ते मत आहे. खोलीत कॅमेरा असता तर त्यात काय दिसलं असतं, तेवढंच लिहा. दुसरी गडबड रेघेपाशी. तिथे काहीतरी गोड लिहावंसं वाटतं, ‘तरी मी चांगला माणूस आहे’ वगैरे. नका लिहू. आज चांगला म्हणून गुण दिलेत तर उद्या तोच माणूस गुण कापायला बसेल. रेघ कोरडी वाटते, पहिले आठ-दहा दिवस तर अगदी निरर्थक वाटते. तरीही मारा. त्या कोऱ्या जागेची सवय होणं, हाच व्यायाम आहे.

रात्री झोपण्याआधी दोन मिनिटं आणखी एक गोष्ट: आज केलेल्या तीन गोष्टी, क्रियापदात. ‘दळण आणलं. मावशीला फोन केला. बिल भरलं.’ विशेषणं नकोत. ‘मी मेहनती आहे’ यावर मन वाद घालतं, ‘दळण आणलं’ यावर घालू शकत नाही, डबा भरलेला दिसतो.

चौथा आणि पाचवा आठवडा: खरं आपण कोण

इथे येईपर्यंत बहुतेकांना घाई झालेली असते. ‘माझी खरी आवड कोणती?’ हा प्रश्न घेऊन ते तासन् तास विचार करतात आणि काहीच सापडत नाही. सापडणार नाहीच. आवड करून पाहिल्यावर कळते. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या मर्जीनं चाललेल्या माणसाला ‘तुला काय हवंय’ विचारलं तर खरोखरच आतून उत्तर येत नाही, तो लपवत नसतो.

जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये ओळख घडण्याच्या चार स्थिती सांगितल्या: शोधही नाही आणि निवडही नाही, शोध न करता केलेली निवड, शोध चालू पण निवड बाकी, आणि शोधून केलेली निवड. दहावीला टक्के चांगले म्हणून सायन्स, मग सगळे जातात म्हणून इंजिनिअरिंग, ही दुसरी स्थिती. ती वाईटच असते असं नाही. चार गोष्टी करून पाहिल्यावर त्याच इंजिनिअरिंगला मनापासून हो म्हणणारे लोक असतात, आणि त्यांचं ‘खरं आपण’ बंड करून बाहेर पडलेल्यापेक्षा तसूभरही कमी नसतं. घरच्यांशी जुळलेली आवडसुद्धा तुमचीच असू शकते, फक्त ती एकदा पारखून पाहिलेली असावी.

पहिले सात दिवस ‘काहीही चालेल’ हे शब्द बंद. किती वेळा तोंडात आले ते वहीत मोजा. पहिल्या दिवशी बारा-पंधरा वेळा आले तरी नवल नाही. रोज पाच बारीकसारीक निवडी दुसऱ्याचं मत ऐकण्याआधी करायच्या. पोह्यावर तर्री किती, खिडकीशी बसायचं की आत, कोणतं गाणं, कोणत्या रस्त्यानं घरी. काय हवं ते सुचत नसेल तर काय नको ते आधी म्हणा, ते लवकर सुचतं. निवड चुकली तर चुकू द्या. तर्री जास्त झाली, नाकातोंडातून पाणी आलं, तरी आपल्याबद्दलची एक पक्की माहिती वहीत जमा झाली.

पुढच्या सात दिवसांत दोन-दोन तासांच्या तीन चाचण्या. एकट्यानं जायचं. अजब बंगल्यात, म्हणजे सिव्हिल लाइन्समधल्या मध्यवर्ती संग्रहालयात, जुन्या मूर्तींसमोर बसणं. रमण विज्ञान केंद्र. गोरेवाड्याला सकाळी पक्षी पाहणं. कुणाच्या तरी दुकानात किंवा गॅरेजमध्ये हातानं काम करून बघणं. तीन चाचण्या एकमेकींसारख्या नकोत: एक हाताची, एक डोक्याची, एक माणसांमधली. फुटाळा तलावावर संध्याकाळी जाऊ नका, तिथे इतकी गर्दी असते की सगळा वेळ लोक बघण्यात जातो.

अट एकच: फोटो काढला तरी सात दिवस स्टेटसला टाकायचा नाही. घरी आल्यावर तीन उत्तरं लिहा. वेळ कसा गेला? कुणीतरी आपल्याला बघतंय असं किती वेळा वाटलं? आणि हे मी केलं हे कधीच कुणाला कळणार नसेल, तर पुन्हा करीन का? तिसऱ्याला ‘हो’ आलं तर त्या गोष्टीला आणखी चार वेळा संधी द्या. ‘नाही’ आलं तर नाव खोडा. दोन्हींतून कळतंच.

एकट्यानं टपरीवर बसून खाण्याचीसुद्धा अनेकांना धास्ती वाटते, विशेषतः मुलींना. त्यात सुरक्षिततेचा भाग खरा आहे, तो बाजूला सारू नका. उजेडाची वेळ आणि ओळखीची जागा निवडा. पण ‘सगळे माझ्याकडेच बघतात’ हा भाग तपासून घ्या. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं. निम्म्या लोकांच्या तरी तो लक्षात आला असेल असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात साधारण चौथाई लोकांच्याच लक्षात आला होता.

सहावा आठवडा: नकार, आणि पुन्हा मोजणी

नकार सगळ्यात शेवटी ठेवला आहे तो मुद्दाम. लोक सुरुवात इथूनच करतात: दिवाळीत सगळं घर जमलेलं असताना वडिलांना सांगतात, ‘मला हे शिक्षण सोडायचंय.’ मग आरडाओरडा होतो, आई रडते, आणि ‘स्वतःसारखं वागायला जाऊ नये’ एवढाच धडा मनात पक्का होतो.

दहा नकारांची यादी करा आणि प्रत्येकापुढे भीतीचा आकडा लिहा, ० ते १०. सुरुवात ३ च्या नकारापासून. दुकानदारानं दुसराच माल गळ्यात मारायचा प्रयत्न केला तर, “नको भाऊ, मला तोच हवा होता.” मग मित्रांचा ४ चा, मग नातेवाइकांचा ५ चा. या आठवड्यात ६ च्या वर जायचं नाही. वाक्य छोटं, आवाज नेहमीचा, कारण एकच. “काकू, लग्नाचं ठरलं की सगळ्यात आधी तुम्हालाच सांगीन. आज तो विषय नको.” “दादा, रविवारी मला जमणार नाही, शनिवारी येतो.” तीन-तीन कारणं दिली की समोरचा एकेक खोडत जातो, आणि शेवटी तुम्ही हो म्हणून बसता.

नकारानंतर अपराधी वाटतं, पोटात गोळा येतो. याचा अर्थ चूक झाली असा लावू नका, नवीन केलं एवढाच त्याचा अर्थ. चोवीस तास शब्द मागे घ्यायचा नाही, माफीचा लांबलचक मेसेजही करायचा नाही. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाशी नेहमीसारखं बोला, चहा विचारा. नात्याला तडा गेला नाही हे डोळ्यांनी दिसणं, हा अर्धा अभ्यास आहे.

जिथे हात उगारला जातो, पैसे किंवा फोन काढून घेतले जातात, तिथे घरात नकाराचा सराव करू नका. महिलांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. आधी सुरक्षित जागा, मग वही.

शेवटच्या दिवशी शेवटचं पान न उघडता दहा विधानं पुन्हा सोडवा आणि मग आकडे शेजारी ठेवा. दोन-तीन गुणांचा फरक त्या दिवशीच्या मनःस्थितीमुळेही पडतो, त्यावरून हुरळून जायला नको किंवा खचायलाही नको. आकडा जराही हलला नसेल तर पहिल्या आठवड्याच्या नोंदी काढा. सहसा असं दिसतं की वाक्यं पुस्तकी मराठीत लिहिली गेली होती, किंवा आडव्या रेघेच्या जागी गोड वाक्यं होती. तिथूनच पुन्हा सुरू करा, सगळं पहिल्यापासून नको.

त्यानंतर रोजचं बंद. रविवारी सकाळी १५ मिनिटं पुरतात. जुन्या नोंदी वाचायच्या, जी वाक्यं आता मनात येत नाहीत त्यांच्यावर पेन्सिलीनं फुली मारायची, आणि जी अजून येतात त्यांच्यापुढे त्या रविवारची तारीख लिहायची.